निशाणाच्या नऊ पट्ट्या

सेंदाई, ५ सप्टेंबर २०२४

लताताई, नमस्कार.

परवा मंगळवारी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर उठलो, आंघोळ केली, नाथापुढे दिवा लावला आणि काही न खाता कामावर गेलो. उपास नव्हता. त्या दिवशी एक जुनं निशाण पेटीतून बाहेर काढायचं होतं, आणि खाऊन त्याला हात लावावा असं वाटेना.

तू फोन नको, पत्र लिही म्हणालीस म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून एवढं मराठी हातानं लिहिलं नव्हतं. माझं काय चाललंय असं विचारलंस, तर ते आधी सांगतो. कंपनीनं मला वर्षभरासाठी इथल्या एका छोट्या संग्रहालयाच्या कामावर दिलं आहे. दीडशे वर्षांपूर्वी जपानी लोक आपापसांत लढले. पश्चिमेकडची फौज सम्राटाच्या नावानं वर चालून आली आणि इकडच्या उत्तरेकडच्यांनी तिला अडवायला पाहिलं. उत्तरेकडचे हरले. हरलेल्या पलटणींची निशाणं जिंकलेल्यांनी नेली. ती अजूनही त्यांच्या नातवंडा-पतवंडांकडे पेट्यांत पडून आहेत. कुठलं निशाण कुठल्या पलटणीचं, कुणी पकडलं, आज कुणाकडे आहे, याची यादी संग्रहालय करतं आहे. यादीचं सॉफ्टवेअर माझं. मापं घेणं, फोटो काढणं, शेरे लिहिणं हेही हळूहळू माझ्याकडे आलं, कारण इथं माणसं कमी आहेत आणि मला घरी जायची घाई नसते.

हे निशाण यामागुचीकडच्या, म्हणजे जिंकलेल्यांच्या, एका घराण्यानं आपणहून परत पाठवलं. पेटी उघडायच्या आधी मी बूट काढले. आमच्या मुख्य हागा-सान म्हणाल्या, "भानुदास-सान, फरशी गार आहे." मी म्हटलं, "असू दे." त्यांनी पेटीच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. इथं माणसं विचारत नाहीत, त्याचं एकेकदा बरं वाटतं.

जाडं पांढरं सुती कापड, उंचीला माझ्याहून थोडं जास्त. मधोमध काळं वर्तुळ. खेड्यातल्या शेतकरी-शिपायांची पलटण होती, त्यामुळे रेशीम नाही, जर नाही. कुणीतरी घरी बसून शिवलेलं असावं, टाके लहान-मोठे आहेत. आणि खालची कड नाही. चार-चार बोटं रुंदीच्या नऊ पट्ट्या निघून गेलेल्या, त्यांच्या जागा एकीला लागून एक अशा स्पष्ट दिसतात.

ताई, मला तिथंच आपल्या कान्हूरचा गुरव दिसला. जत्रेच्या आदल्या दिवशी नाथाच्या काठीचं जुनं निशाण उतरवून तो पट्ट्या करायचा आणि घरटी एक प्रसाद म्हणून द्यायचा. मी हात जोडले.

तुझं काय चाललंय ते लिही. सुशील, केतकी, ईश्वरी ठीक ना?

भानुदास


उरायासु, ११ सप्टेंबर

भान्या,

अनेक आशीर्वाद. तुझं अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. पण चार वेळा वाचलं.

फोन का नको म्हणाले ते तुला सांगते, सुशीलला कळू देऊ नकोस. उजवा कान पुण्यातच गेला होता, ते सगळ्यांना माहीत आहे. आता डावाही चालला. फोनवर तू बोलतोस ते मला विहिरीतून आल्यासारखं येतं. सुशीलला सांगितलं तर डॉक्टर, यंत्र, तपासण्या, नाहीतर 'आई, तू पुण्यालाच बरी' असं सुरू होईल. पुण्यात माझं कोण आहे? म्हणून सगळं ऐकू आल्यासारखं वागते. लेक-सून सकाळी निघतात, केतकी टोकियोतल्या कोतोला कामावर, सुशील त्याच्याही पुढे. ईश्वरी शाळेत. मग मी आणि कचऱ्याच्या पिशव्या. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद. या घरात माझ्या हुकमतीखाली तेवढंच एक खातं आहे. खालच्या मजल्यावरची बाई माझ्या बाटल्यांकडे बघून मान डोलावते. मला वाटतं शाबासकी देते.

पत्र टाकायला स्टेशनपर्यंत जाते, तेवढंच चालणं होतं. तेव्हा लिहीत जा.

तुझ्या निशाणाच्या नऊ पट्ट्या कुणी नेल्या म्हणे? आणि एक विचारते, रागावू नकोस. सुमेधाला जाऊन चार वर्षं झाली. तिकडे एकटा किती दिवस कापडांना नमस्कार करत बसणार आहेस? मी मावसबहीण असले तरी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे, मला विचारायचा हक्क आहे.

लता


सेंदाई, ३० सप्टेंबर

लताताई,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं मात्र लिहून झालं आहे, आणि त्यातून एक मोठी गोष्ट घडली.

प्रत्येक निशाणाच्या नोंदीत शेरा लिहायचा असतो. मी लिहिलं की या पट्ट्या शत्रूनं नेल्या नाहीत. निशाण हातचं जाणार हे दिसल्यावर पलटणीनं स्वतःच त्या काढून आपसांत वाटून घेतल्या, म्हणजे निशाण गेलं तरी त्याचा अंश प्रत्येकाजवळ राहिला. हागा-साननी विचारलं, "आधार?" मी म्हटलं, "आमच्याकडे असंच करतात." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणजे, भारतात कापडाचा अभ्यास करणारे?" मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच नीट ठाऊक नाही. पण त्यांनी शेऱ्यात घातलं, 'भारतीय वस्त्रपरंपरेच्या जाणकाराच्या मते'. संगणकाची वायर जोडणारा मी, जाणकार झालो. दुरुस्त करायला हवं होतं. राहिलं.

ही नोंद इथल्या एका देवळाच्या पत्रकात छापून आली आणि ती वाचून शोजी-सान संग्रहालयात आल्या. वय शहाऐंशी. काठी न घेता. त्यांचे पणजोबा याच पलटणीचं निशाण धरणारे होते. लढाईनंतर तिसऱ्या दिवशी ते गावात परत आले, जिवंत आणि रिकाम्या हातांनी. निशाण टाकून पळाला, असं गाव म्हणालं. घराला नावच पडलं, 'रिकाम्या हाताचे'. लग्नं जमेनात. शोजी-सान शाळेत होत्या तेव्हासुद्धा मुलं त्यांच्यासमोर दोन्ही तळवे उघडून दाखवायची. म्हणजे लढाईला ऐंशी वर्षं होऊन गेल्यावर.

त्यांनी नोंद माझ्यासमोर चारदा वाचली. मग विचारलं, "म्हणजे ते टाकून आले नाहीत. वाटून आले?" मी म्हटलं, "हो." ताई, त्या बाईनं दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या.

आता चोवीस नोव्हेंबरला त्यांच्या गावच्या देवळात त्या लढाईतल्या मृतांचं स्मरण आहे. पलटणीतल्या माणसांची नावं तिथं दरवर्षी वाचतात, त्यांच्या पणजोबांचं आजवर कधी वाचलं नाही. या वर्षी पुरोहित ते वाचणार आहेत, आणि त्यानंतर माझा शेराही.

त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. बसनं अर्धा तास. तांदळाच्या मऊ गोळ्यांवर हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण घालून दिलं. त्यांच्या बैठकीत पूर्वजांचं एक लाकडी देवघर आहे, कपाटासारखं, दारं असलेलं. त्यापुढे मला उदबत्ती लावू दिली आणि आत तोंड करून म्हणाल्या, "भानु-सान आले आहेत, लांबून." निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही या." काल पुन्हा गेलो होतो.

कुणीतरी रविवारी आपली वाट पाहतं ही गोष्ट मी विसरून गेलो होतो.

भानुदास


उरायासु, ८ ऑक्टोबर

भान्या,

पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं की ईश्वरीला बसवून सगळी गोष्ट सांगितली. तिनं जपानीत काहीतरी म्हटलं, मी मान डोलावली. चांगलंच म्हणाली असेल.

तुझ्या शोजी आजींना माझा नमस्कार सांग. आणि त्या हिरव्या गोडाची कृती विचार, आमच्या खालच्या सुपरमार्केटात तसल्या शेंगा गोठवलेल्या मिळतात.

तुझ्या पत्रानं सगळी जत्रा डोळ्यांपुढे उभी राहिली. माधव गुरव तोंडात पाण्याचा घोट धरून निशाण फाडायचा, आठवतं? मध्येच बोलायचं नाही म्हणून पाणी. आणि आपण पोरं मुद्दाम त्याला हसवायला बघायचो. फाडताना तो टर्र आवाज पार वेशीपर्यंत यायचा. मला आता बाकी काही ऐकू येत नाही, तो आवाज मात्र येतो. आणि तुझ्या आईची फजिती? आपल्या वाटणीची पट्टी तिनं तुझ्या दप्तराला शिवायची म्हणून कात्रीनं नीट कापून घेतली, तर गुरवानं अंगणात येऊन तिला केवढं सुनावलं. नाथाच्या कापडाला लोखंड लावायचं नाही, हातानंच फाडायचं, एवढंही माहेरी शिकवलं नाही का म्हणून. मावशी बिचारी रडवेली झाली. माझ्या आईचंही तेच माहेर, त्यामुळे ती तर भांडायलाच उठली.

थंडी सुरू झाली का तिकडे? पायमोजे घालून झोप.

लता


सेंदाई, २१ ऑक्टोबर

लताताई,

पत्र मिळालं. गुरवाचं लिहिलंस ते वाचलं.

इथं थंडी पडू लागली आहे. शोजी-सानच्या अंगणात तुरट पर्सिमॉनचं झाड आहे. ती फळं सोलून दोरीत ओवून पडवीत टांगायची असतात, महिन्याभरात गोड होतात. काल दिवसभर आम्ही दोघांनी फळं सोलली. त्यांच्या सालीची एकच लांब पट्टी निघते, माझ्या सालीचे तुकडे होतात. त्या म्हणाल्या, "जाणकार कापडाचे आहात, फळांचे नाही."

कृती पुढच्या वेळी विचारतो. कामाची गडबड आहे, जास्त लिहीत नाही.

भानुदास


उरायासु, २८ ऑक्टोबर

भान्या,

एवढुसं पत्र पाठवायला टपाल खात्याला कशाला त्रास दिलास?

तू लहानपणी काही लपवलंस की असंच करायचास. विचारलं एक की झाडांबद्दल सांगायचास. मावशीची पितळी वाटी विहिरीत पडली तेव्हा तू मला अर्धा तास चिंचेबद्दल सांगत होतास. आता पर्सिमॉन.

आजारी आहेस का? नोकरीचं काही? की त्या आजींना काही झालं? मी फोन करू शकत नाही हे तुला माहीत आहे, त्याचा फायदा घेऊ नकोस. उलट टपाली खरं काय ते लिही.

लता


सेंदाई, ४ नोव्हेंबर

लताताई,

खरं लिहितो. आज इथं सुट्टी आहे, सकाळपासून कागद पुढे घेऊन बसलोय.

तुझं गुरवाचं पत्र आलं त्या दिवशी मी संग्रहालयात गेलो आणि निशाण पुन्हा काढलं. भिंग लावून खालची कड पाहिली. फाडलेलं कापड धाग्याच्या रेघेतच फाटत जातं आणि कडेला तंतू सुटतात. या कडा तशा नाहीत. त्या धागे ओलांडत तिरप्या गेल्या आहेत, आणि तंतूंची टोकं एका पातळीत तुटली आहेत. पातं लावलं आहे, आणि निशाण कुठंतरी सपाट पसरून, सावकाश लावलं आहे. पळापळीत, मरण समोर असताना कुणी असं कापत नाही. आणि निशाणाला देव मानणारा तर नाहीच.

ताई, हे दिसायला भिंग लागत नव्हतं. पहिल्या दिवशीही मला दिसलं होतं. दप्तराच्या पट्टीचा प्रसंग माझ्यासमोर घडला होता, तेव्हा लोखंडाचं मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते मनात येऊ दिलं नाही.

का, ते तुला ठाऊक असेल. सुमेधा गेली तेव्हा इथल्या सरहद्दी बंद होत्या. गेलो असतो तर परत आत येता आलं नसतं, नोकरी गेली असती. मी गेलो नाही. गावी तिचं सगळं क्रियाकर्म बाळासाहेबदादानं उरकलं. गावात अजून म्हणतात ना, बायको गेली तरी आला नाही. त्यांचं चूक नाही. पण रिकाम्या हातानं आलेल्या माणसाची बाजू घ्यायची संधी पेटीत घालून माझ्यासमोर आली आणि मी घेतली. पुरावा कापडात शोधायचा सोडून स्वतःत शोधला.

मग मी यामागुचीच्या घराण्याला पत्र लिहून विचारलं. एकोणतीस ऑक्टोबरला उत्तर आलं. त्यांच्याकडे एक पट्टी अजून आहे, कागदात गुंडाळलेली. फोटो पाठवला आहे. कागदावर शाईनं लिहिलंय, 'पकडलेल्या निशाणाचा नववा वाटा'. त्यांच्या पूर्वजानं निशाण घरी नेऊन आपल्या नऊ माणसांना वाटलं. सोबत त्याच्या टिपणातल्या दोन ओळी आहेत. निशाण खिंडीतल्या एका झाडाला टेकवून ठेवलेलं सापडलं, काठीला नीट गुंडाळलेलं. जवळ कुणी नव्हतं.

म्हणजे शोजी-सानचे पणजोबा ते ठेवून आले. गावानं जे म्हटलं ते जवळजवळ तसंच होतं.

पत्र माझ्या नावानं आलं, त्यामुळे हागा-साननाही माहीत नाही. मी ते खणात ठेवलं आहे. काल रविवार होता. मी गेलो. शोजी-साननी चोवीस तारखेला घालायचा काळा किमोनो काढून दाखवला, कसरीनं एका बाहीला भोक पाडलं आहे, ते त्या शिवत होत्या. सुई ओवायला मला दिली. मी ओवून दिली आणि काही बोललो नाही.

वीस दिवस राहिलेत. सांगितलं तर त्यांना मिळालेलं समाधान जाईल, आणि माझेही रविवार जातील. न सांगितलं तर देवळात माझी थाप मेलेल्यांपुढे वाचली जाईल. तुझ्याशिवाय विचारायला मला कुणी नाही.

भानुदास


उरायासु, ९ नोव्हेंबर

भान्या,

तुझं पत्र तीन दिवस उशाशी ठेवलं.

माझं ऐकशील तर काही बोलू नकोस. बाई शहाऐंशी वर्षांची. आयुष्यभर पोरांनी तळवे दाखवले तिला. आता चार दिवस मान वर करून बसली तर कुणाचं काय बिघडलं? मेलेल्यांना सगळं ठाऊकच असतं, त्यांना तुझ्या शेऱ्यानं फसवता येत नाही. ते यामागुचीवाले तरी पुढे चौकशी करायला येणार आहेत का? खणात आहे ते खणात राहू दे. आणि सुमेधाचं मनातून काढ. त्या वर्षी कोण कुणाच्या मौतीला पोचलं? गावाला म्हणू दे, गावाचं तोंड विहीर नव्हे झाकायला.

हे झालं तुझं. आता माझं एक लिहिते, कारण मलाही दुसरं कुणी नाही.

ईश्वरी रोज शाळेतून आली की माझ्याजवळ बसून काहीबाही सांगायची. अर्धं जपानी, अर्धं मराठी. मला दोन्ही अर्धं ऐकू यायचं नाही. पण मी मान डोलवायची, 'अगं बाई', 'मग?', 'छान' म्हणायची. तिला बरं वाटतंय ना, मग झालं. गेल्या आठवड्यात ती सांगत होती आणि मी 'छान छान' म्हटलं. ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "आजी, मी सांगितलं की नुपूर शाळा सोडून परत भारतात गेली." तिची सगळ्यांत जवळची मैत्रीण, भान्या. आणि मी छान म्हणाले.

ती रागावली नाही.  त्या दिवसापासून शाळेतून येते, हात धुते आणि खोलीत जाते. मला सांगायचं तिनं बंद केलं. मागचं किती मी ऐकलं आणि किती नुसतं डोलवलं, हे ती मोजत असेल असं वाटतं. आता मी दाराशी उभी राहते, आणि आतून काही येत नाही. येत असेल तरी मला कसं कळणार?

असो. तू बोलू नकोस.

लता


सेंदाई, २२ नोव्हेंबर

लताताई,

तुझ्या पत्राच्या पहिल्या पानावर लिहिलंस बोलू नकोस. दुसऱ्या पानावर ईश्वरीचं लिहिलंस. मी दुसरं पान धरलं. तरी त्यानंतरचा रविवारही मी घालवलाच. गेलो, चहा प्यायलो, टांगलेली फळं दाबून पाहिली आणि परत आलो.

परवा बुधवारी अर्धी रजा घेऊन गेलो. मुद्दाम रविवार टाळला. शोजी-सान दार उघडून म्हणाल्या, "आज रविवार नाही." मी दारातच, बूट न काढता, उभ्यानं सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "थंडी आत येते आहे. बूट काढून वर या आणि मग सांगा."

वर गेलो. यामागुचीचं पत्र आणि पट्टीचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. मग मी माझं सांगितलं. मी कापडाचा जाणकार नाही. आमच्या गावची एक रीत मी तुमच्या निशाणावर घातली. पट्ट्या कापलेल्या आहेत हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं.

त्यांनी विचारलं, "पत्र कधी आलं?"

"बावीस दिवस झाले."

त्यांनी बोटं मोजली. "तीन रविवार."

"हो."

"सुई ओवून दिलीत तेव्हा माहीत होतं."

"हो."

त्या उठल्या. मला वाटलं चहाला. पण त्या देवघराकडे गेल्या आणि त्याची दोन्ही दारं बंद केली. मग परत समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता ते झाडाचं पुन्हा सांगा. हळू." मी ती ओळ पुन्हा वाचली. झाडाला टेकवून ठेवलेलं, काठीला नीट गुंडाळलेलं, जवळ कुणी नव्हतं. त्यांनी ती तीनदा वाचून घेतली. मी म्हटलं, "तुमच्या पणजोबांसमोर मलाच माफी मागू द्या." त्या म्हणाल्या, "नको. त्यांना मी सांगेन. माझ्या शब्दांत, मला वाटेल तेव्हा."

आणखी एक म्हणाल्या. "मला वाटलं होतं तुम्ही तरी माझ्याकडे फक्त चहाला येता."  मी पत्र आणि फोटो पाकिटात परत घातले.

मी असतानाच त्यांनी पुरोहितांना फोन केला. शेरा वाचू नका म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "नाव मात्र वाचा. ते लढाईला गेले तर होते." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आल्या, वाकल्या, मीही वाकलो. रविवारी या असं त्या म्हणाल्या नाहीत. बस यायला चाळीस मिनिटं होती. मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, मग त्याच्या पुढच्या.

कान्हूरच्या जत्रेला जाऊन यावं असं मनात येतं, गावाला तोंड दाखवावं. ठरवलेलं नाही. तू ईश्वरीला काय सांगायचं ते तूच बघ, मी तुला शिकवायच्या लायकीचा नाही. पण सुशीलच्या आधी तिला सांग. सुशील तुझ्यावर इलाज करेल. तिला कदाचित तुझ्या कानाशी येऊन बोलावंसं वाटेल.

काल सकाळी हागा-साननाही सगळं सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की असं झालं की इथं जुना शेरा काढून नवा घालतात, 'पुढील संशोधनानुसार' एवढंच लिहितात, कुणाचं नाव येत नाही, तुम्हाला त्रास होणार नाही. चांगल्या मनानं म्हणाल्या. मी म्हटलं, जुना शेरा वाचून एक बाई दोन महिने जगली आहे, तो पुसता येणार नाही. तो तसाच राहू द्या, मी त्याच्या खाली लिहितो. त्यांनी पत्र घडी करून मला परत दिलं. मग आपली खुर्ची मला दिली, कारण शेरे कायम करायचा अधिकार संगणकावर फक्त त्यांच्या खात्याला आहे.

मी लिहिलं, 'वरील मत चुकीचे आहे. पट्ट्या निशाण पकडल्यानंतर पात्याने कापून पकडणाऱ्यांत वाटल्या गेल्या. एक पट्टी यामागुची येथे आहे. निशाण खिंडीत झाडाला टेकवून, नीट गुंडाळून ठेवलेले सापडले. ते तसे का ठेवले, याची माहिती नाही. आधीचे मत कापड पाहून नव्हे, तर इच्छेने लिहिले होते. लिहिणारा कापडाचा जाणकार नाही.' खाली माझं नाव घातलं, वडिलांचं घातलं, आडनाव घातलं, आणि काल दुपारी तीनच्या सुमारास नोंद कायम केली.

भानुदास